उष्टी पेस्ट

२ जून

चिमट्या,

सात वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते उघडायच्या आधी नाकाशी धरलं असशील. सवयच तुझी. वास येणारच. कारखान्याच्या मागच्या खोलीत बसून लिहितोय आणि काल कुणीतरी इथला फ्रीज अर्धवट उघडा टाकून घरी गेलं. दूध फाटलंय, कुणाच्या तरी डब्यात काहीतरी हिरवं, केसाळ उगवलंय. माझ्याकडे आता अठरा माणसं कामाला आहेत, पण नाक त्यांतल्या एकालाही नाही.

तुझी ताई ठीक आहे. गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही, बाकी प्रकृती उत्तम.

कामाचं सांगतो. आमच्या कारखान्यातून बोर्ड घेणाऱ्या त्या उपकरणांच्या कंपनीत तू अर्ज केलास, हे मला त्यांच्या फॉर्मवरून कळलं. तुझं दुरुस्तीचं दुकान या महिनाअखेर बंद होतंय, हेही त्यावरच वाचलं. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला या गोष्टी छापील कागदावरून कळाव्यात, असो. ‘पूर्वीच्या मालकाचं मत’ असा तो फॉर्म आहे. सात प्रश्न. वीस तारखेच्या आत हवाय.

फॉर्मच्या पाठोपाठ फोन आला. नोकरभरती बघणारा माणूस. आवाज इतका गुळगुळीत की कानावरून घसरून कॉलरमध्ये जावा. बोलताना काहीतरी खात होता. बिस्किट असावं, चहात बुडवलेलं. प्रत्येक वाक्यानंतर जिभेनं दाढेतला लगदा काढल्याचा आवाज यायचा. माझे कान तुला माहीत आहेत. मला ओकारी यायची बाकी होती.

त्यानं विचारलं, “स्टेन्सिल म्हणजे नक्की काय हो? आमच्या इंजिनियर बाई म्हणतात, घरी स्टेन्सिल बनवणारा माणूस हवाय.”

म्हटलं, “पातळ पत्रा असतो. सर्किट बोर्डावर जिथे जिथे जोड बसायचा, तिथे तिथे पत्र्यात भोक. बोर्डावर पत्रा ठेवायचा, वरून सोल्डरची, म्हणजे जोड धरणाऱ्या धातूची, पेस्ट प्लास्टिकच्या कार्डानं ओढायची. भोकाभोकातून हवी तेवढीच पेस्ट खाली उतरते. मग त्यावर चिमट्यानं एकेक भाग ठेवायचा आणि तापवायचं.”

“मग त्यात अवघड काय?”

“भोकं,” मी म्हणालो. “तांदळाच्या दाण्यावर चाळीस मावतील एवढी.”

त्यांना नमुन्याचे पाच-दहाच बोर्ड लागतात आणि बाहेरून स्टेन्सिल मागवायची तर आठवडा जातो. सकाळी चित्र हातात दिलं की दुपारी बोर्ड तयार करून दाखवील, असा माणूस हवाय. चिमट्या, ही नोकरी तुझ्या मापानं शिवलेली आहे. आपण सुरुवात केली तेव्हा आपल्याकडे दुसरं होतंच काय? क्लबच्या मागच्या कचरापेटीतले पेयांचे रिकामे डबे. मुंग्या लागलेले, कुणी विडी विझवलेली, कुणी थुंकलेले. एकात तर अर्धं झुरळ निघालं आणि उरलेलं अर्धं कुठे गेलं हे आपण विचारलं नाही. मी शिव्या घालत डबे कापायचो, तू हातमोजे घालून धुवायचास. सपाट करायचे, रंग घासून काढायचा, गुळगुळीत कागदावर छापलेलं चित्र इस्त्रीनं पत्र्यावर उतरवायचं, मागून चिकटपट्टी लावून ॲसिडात सोडायचं. पत्रा फसफसून धूर यायला लागला की ताई खिडक्या उघडत म्हणायची, “या घरात माणसांनी राहायचं की तुमच्या डब्यांनी?” आणि फ्रीजमध्ये दुधाशेजारी पेस्टची बरणी ठेवली होतीस, तिच्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : हे खाऊ नये.

आता आमच्याकडे स्टीलच्या स्टेन्सिली येतात, लेझरनं कापलेल्या. भिंतीवर मानपत्र आहे. काचेवर माश्या हगतात आणि ते पुसायचं काम कुणाचं यावर दोन खात्यांचं भांडण आहे.

फॉर्ममध्ये मी चांगलंच लिहीन. निर्धास्त राहा.

तुझा,
भाऊजी

९ जून

चिमट्या,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ, तीही पेन्सिलीनं. ‘फोनवर काय म्हणालात?’

म्हणजे ताईनं तुला कळवलं. माझ्याशी न बोलणारी बाई सगळ्या जगाशी बोलते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सांगतो. फोन घरीच आला होता, सकाळी. स्टेन्सिलचं बोलून झालं, तुझ्या हाताचं मी भरपूर कौतुक केलं. मग त्या गुळगुळीतानं घोट घेतला आणि म्हणाला, “एक विचारू का, राग मानू नका. हे तेच ना, ज्यांच्या कामामुळे त्या वृद्धाश्रमात बेल वाजली नव्हती?”

आणि मी म्हणालो, “हं.”

एवढंच. आता आपल्या भाषेत ‘हं’चे किती अर्थ होतात तूच बघ. हं म्हणजे ऐकतोय. हं म्हणजे पुढे बोला. हं म्हणजे माझा चहा गार होतोय, आटपा. मी त्याला हो म्हटलेलं नाही. कोर्टात उभं केलंस तरी मी हो म्हटल्याचं कुणी सिद्ध करू शकणार नाही.

फोन ठेवला तर तुझी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात ओलं फडकं.

“कुठला होता हा?”

“कुठला म्हणजे? त्या कंपनीचा.”

“फोन नाही विचारत. हं. हा कुठला हं होता?”

मी हसलो. तुला माहीत आहे, मी हसलो की समोरचा बहुतेक वेळा हसतो. कारखाना मी तसाच उभा केला. ताईनं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, आणि त्यानंतर तिचं तोंड बंद झालं ते आजतागायत.

वृद्धाश्रमाचं आता काढण्यात अर्थ नव्हता, पण त्यानं काढलंच आहे तर तुझ्या मनात काही राहू नये म्हणून लिहितो. तीस बेल होत्या. खाटेशी बटण, बटण दाबलं की परिचारिकेच्या टेबलावर वाजायचं. आपली पहिली मोठी ऑर्डर. तपासल्या तेव्हा तीसच्या तीस वाजल्या. अकराव्या महिन्यात निवृत्त शिंपीकाकांची वाजली नाही. संडासाच्या दारात पडले, खुबा मोडला, आणि बटण हातात धरून सहा तास दाबत राहिले. सापडले तेव्हा कशात पडलेले होते ते मी लिहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर फरशी दोनदा धुतली होती, तरी तो वास जिन्यापर्यंत येत होता. मी रुमाल नाकाला लावला आणि लगेच काढला, कारण ते माझ्याकडे बघत होते. अंगठ्याला फोड आला होता. मला म्हणाले, “बेल दुरुस्त झाली का हो? नाही, घाई नाही. मी आता कुठे उठतोय.”

बोर्ड उघडला तर बझरच्या चिपखाली पेस्ट कमी पडलेली. जोड नावापुरता बसला होता, थंडी-उन्हानं सुटला. पेस्ट जुनी झाली की अशीच पत्र्याच्या बारीक भोकांत अडकते, खाली उतरत नाही. पेस्ट तू ओढली होतीस. मी आरोप करत नाही, झालं ते सांगतो. माझं काम होतं कान देणं. ताजी पेस्ट कार्डापुढे गुपचूप लोळते, जुनी पेस्ट पत्र्यावर खर्र करते. तुला एका कानानं काहीच येत नाही आणि दुसऱ्यानं अर्धंमुर्धं, म्हणून आपलं ठरलेलं होतं : खर्र ऐकू आलं की मी टेबलावर हात आपटायचा, तुला हादरा कळायचा, तू थांबायचास. त्या दिवशी मी पलीकडे इस्त्री फिरवत होतो आणि डोक्यावर पंखा खडखडत होता. मला ऐकूच आलं नाही. एवढीच गोष्ट.

फॉर्म अजून भरलेला नाही. सहावा प्रश्न असा आहे : यांच्या हातून कधी सदोष माल गेला आहे का? जागा दोन ओळींची.

भाऊजी

१३ जून

चिमट्या,

मागचं पत्र पाकिटात घालण्याआधी मी ताईपुढे ठेवलं होतं. म्हटलं, बघ, सगळं मोकळेपणानं लिहिलंय, आता तरी बोल. तिनं उभ्याउभ्या वाचलं. माझ्या हातात परत दिलं, मी आत काय आहे याचा विचार न करता पोस्टात टाकूनही आलो. परत आलो तेव्हा ती बोलली. दहा दिवसांनंतर पहिलं वाक्य.

“पंखा त्या आठवड्यात नव्हता.”

“कुठला पंखा?”

“डोक्यावर खडखडणारा. तो जळला होता. माझा भाऊच तो उतरवून, सायकलवर बांधून दुरुस्तीला घेऊन गेला होता. टेबलावर चढताना माझी लोणच्याची बरणी फोडली त्यानं, म्हणून लक्षात आहे.”

मी म्हणालो, “आठ वर्षं होत आली, माणसाच्या लक्षात—”

“शेजारच्या घरी गॅसचं बटण कुणी फिरवलं ते तुम्हाला भिंतीतून कळतं. मला झोपेत कूस बदलायची चोरी. आणि तुमच्या हातभर अंतरावर तीस बोर्ड खर्रखर्र ओढले, ते ऐकू आलं नाही?”

मग ती भाजी चिरायला बसली. माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, तसं आपण नळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्याकडे बघतो. काढायला तर हवा, पण हात कुणी लावायचा.

तर लिहितो. मला ऐकू आलं होतं.

पहिल्या बोर्डापासून. दुसऱ्याला वाटलं, पत्रा नीट बसला नसेल. तिसऱ्याला अशी काही समजूत उरली नव्हती. तीन वाजता गाडी यायची होती. मी थांबवलं असतं तर तू सगळे बोर्ड पुसायला घेतले असतेस, नवी बरणी दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती, तुला तर आणखी एक दिवस लागला असता, कारण तू प्रत्येक भोक भिंगातून बघणारा माणूस. मी त्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना मोठ्या तोंडानं वेळ दिली होती. माझा उजवा हात टेबलावर होता. डाव्या हातात इस्त्री. मी इस्त्री फिरवत राहिलो.

अजून आहे. आता सुरुवात केलीच आहे तर पोटातलं सगळं बाहेर पडू दे. ओकताना निवडून ओकता येत नाही.

पेस्ट जुनी कशी झाली? बरणी तर तू चार दिवसांपूर्वी उघडली होतीस. तुझा नियम होता, कार्डानं खरवडलेली पेस्ट परत बरणीत जाणार नाही. हवा लागलेली, कचरा लागलेला, तिला तू ‘उष्टी’ म्हणायचास. पहिल्याच दिवशी, त्या थुंकलेल्या डब्यांच्या ढिगात बसून म्हणाला होतास, “भाऊजी, डबे उष्टे चालतील. पेस्ट उष्टी चालणार नाही.” मी किती हसलो होतो. आदल्या संध्याकाळी तू पंखा घेऊन गेलास तेव्हा पत्र्यावर बरीच पेस्ट उरली होती आणि बरणीच्या तळाला जेमतेम. तीस बोर्डांना पुरणार नव्हती. मी ती खरवडली आणि बरणीत ढकलली, वरून ढवळली. दिसायला अगदी ताजी झाली. झाकणावर ‘हे खाऊ नये’ तसंच होतं.

सकाळी तू ती बरणी विश्वासानं उघडलीस.

आणि आता सगळ्यात घाण जे आहे ते. शिंपीकाका पडल्यावर व्यवस्थापक बाईंच्या खोलीत मी एकटा गेलो होतो. तुला बाहेर गाडीपाशी थांबवलं होतं. त्यांनी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, “पेस्ट माझा मेहुणा ओढतो. हात सोन्याचा आहे, पण बिचाऱ्याला ऐकू येत नाही. पेस्ट बिघडल्याचं त्याला कळलं नाही.” असं म्हणालो आणि जरा हसलोसुद्धा, समजुतीचं, मोठ्या भावासारखं. बाईंनी मान हलवली. त्यांना तुझी दया आली. मग बाहेर येऊन मी तुला सांगितलं की त्या लोकांचा तुझ्यावरचा विश्वास उडालाय, काही दिवस तू बाजूला झालेलं बरं.

तू विचारलंस, “मी काय केलं?” मी म्हणालो, “नंतर बोलू.”

आपण नंतर बोललोच नाही. तू चार दिवसांनी गेलास आणि मी स्टेशनवर आलो नाही, कारण मला त्या दिवशी जुलाब होत होते. हे मात्र खरं आहे.

फॉर्म माझ्यासमोर आहे. काल संबंध दुपार मी सहाव्या प्रश्नाखाली वेगवेगळी वाक्यं जुळवली. ‘काही तांत्रिक कारणांमुळे.’ ‘परिस्थितीजन्य चूक.’ प्रत्येक वाक्य त्या गुळगुळीताच्या तोंडात शोभेल असं. फाडून टाकली. टोपली भरली.

भाऊजी

१८ जून

चिमट्या,

तुझं पत्र आलं. या वेळी शाईनं. मी ते ताईला दाखवलं नाही; तिनं स्वतःच टेबलावरून उचललं आणि मोठ्यानं वाचलं. माझ्यासारख्या माणसाला ऐकवायचं म्हणून, तेही सावकाश. तुझी वाक्यं इथे उतरवून काढतो, मला ती पुन्हा एकदा लिहायची आहेत :

‘भाऊजी, कानाला नाही, बोटांना कळलं होतं. कार्ड अडत होतं. चौथ्या बोर्डाला मी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. तुमचा हात टेबलावर होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पत्र्याकडे बघितलंत. मला वाटलं, भाऊजींना ऐकू येतंय, ते काही म्हणत नाहीत म्हणजे चालेल. मी पुढे ओढलं. हे माझं. फॉर्ममध्ये लिहिणार असाल तर हेही लिहा. मला अर्धं खरं नको.’

सात वर्षं मला वाटत होतं की तुला माहीत नाही. तू मान वर केल्याचं मला आठवतही नव्हतं, आणि ताई वाचत असताना आठवलं. तुझ्या भुवईला पेस्टचा ठिपका लागला होता. मी पत्र्याकडे बघितलं, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर हात आपटावा लागला असता.

पत्र संपल्यावर ताई म्हणाली, “तुम्हाला घाण वाटते ना सगळ्याची? डब्यांची, फ्रीजची, त्या माणसाच्या खाण्याची? मला इतकी वर्षं कळत नव्हतं, या माणसाला एवढी किळस येते तरी कशाची.”

काल आधी वृद्धाश्रमात गेलो. व्यवस्थापक बाई आता थकल्या आहेत, पण खुर्ची तीच. शिंपीकाका दोन वर्षं खाटेवर काढून गेले, हे मला माहीत होतं. त्यानंतर मी तिथे गेलो नव्हतो. सगळं सांगितलं. बरणी, हात, इस्त्री, आणि त्यांच्यासमोर मी जे हसलो होतो ते. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला पेस्ट बिघडलेली कळत नाही, हे कसं? पेस्ट काय बोलते?”

“मग विचारलं का नाही तुम्ही?”

“तुम्ही इतक्या हसतमुखानं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “वाईट दिसलं असतं.”

शिंपीकाकांच्या मुलीचा पत्ता त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, आधी मी तिला विचारते, तिला तुम्हाला भेटायचंय का. नको म्हणाली तर येऊ नका. मी बरं म्हटलं.

मग फॉर्म भरला. सहाव्या प्रश्नाच्या दोन ओळी पुरल्या नाहीत, मागे लिहिलं. नक्कल तुला हवी, म्हणून :

‘होय. तीस बोर्डांची एक खेप. आदल्या दिवशी वापरून उरलेली पेस्ट मी स्वतः बरणीत मिसळली होती. ते यांना माहीत नव्हतं. पेस्ट ओढताना बिघाडाचा आवाज मला पहिल्यापासून येत होता. यांना ऐकू कमी येत असल्यानं थांबवण्याची खूण करणं हे माझं काम होतं. ती मी केली नाही. चौथ्या बोर्डाला यांच्या हाताला शंका आली, यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली. माझ्यावर विश्वास ठेवून यांनी काम पुढे चालू ठेवलं. बेल बंद पडून एका वृद्ध गृहस्थांना इजा झाल्यावर मी यांच्या बहिरेपणाचं कारण सांगून दोष यांच्यावर टाकला. फोनवर आपल्या माणसाने हेच विचारलं तेव्हा मी “हं” म्हणालो. तो “हं” खोटा होता.’

एखादा शब्द गुळगुळीत वाटला तर नंतर का होईना, कळव. टपालानं पाठवणार नाही, स्वतः नेऊन देणार आहे. टपालाचा मला भरवसा आहे, माझा नाही.

भाऊजी

२७ जून

चिमट्या,

आता घडलं ते क्रमानं.

एकोणीस तारखेला मी कंपनीत गेलो. गुळगुळीत प्रत्यक्षात लहानखुरा निघाला, नखं कुरतडलेली. त्यानं फॉर्मचा मागचा भाग वाचला आणि दार लावून घेतलं.

“साहेब, हे असं कुणी लिहितं का?”

“मी लिहिलंय.”

“तुमच्याकडून आम्ही बोर्ड घेतो. हा कागद वर गेला तर—” मग तो हसला, अगदी माझ्यासारखं. “असं करू. मागची बाजू राहू द्या. पुढे फक्त ‘माणूस उत्तम’ लिहा. त्यांचं काम होईल, तुमचंही राहील. सगळे खूश.”

मला मोह झाला नाही असं नाही. चिमट्या, त्याचं म्हणणं ऐकताना मला जाणवलं की इतकी वर्षं माझ्यासमोर बसलेल्या लोकांनी काय पाहिलं असेल. तो ओठ चाटत होता. टेबलावर बिस्किटाचा चुरा होता, त्यावर त्याच्या बाहीचा ओला डाग. मी म्हणालो, “कागद जसा आहे तसा तुमच्या इंजिनियर बाईंकडे जाऊ दे. मी इथे बसतो.” आणि बसलो. दीड तास बसलो.

बाईंनी त्या दिवशी भेट दिली नाही. काल त्यांचा फोन आला. कोरडा आवाज, मागे कुठलंही खाणं नाही.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. “त्यांनी मान वर करून पाहिलं तेव्हा तुम्ही नेमकं काय केलंत? कागदात आहे, पण मला ऐकायचंय.”

लिहिणं आणि तोंडानं म्हणणं यात फरक आहे. ताई समोर होती. मी म्हणालो, “पत्र्याकडे बघितलं. इस्त्री फिरवत राहिलो.”

“आणि त्यांना शंका आली होती, हे लिहायला कुणी सांगितलं?”

“त्यानंच.”

पलीकडे पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. त्यांना घेतोय. आमच्याकडे हाताला अडलं की काम थांबवायचं, कुणाकडे बघायचं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगेन. आणि तुमच्याकडून यापुढे बोर्ड घेणार नाही. लेखी येईल.”

मी म्हणालो, “बरं.”

मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं, आणि तुझी नोकरी झाल्याच्या आनंदापेक्षा ते जास्त होतं, याचीही मला शिसारी आली. ताईला सांगितलं. ती म्हणाली, “येऊ दे.” आणि तिनं माझ्यापुढे चहा ठेवला.

अठरांपैकी तिघांना काम कमी पडेल. त्यांना मी आज सकाळी कारणासकट सांगितलं. एकानं विचारलं, “म्हणजे चूक तुमची आणि घरी आम्ही बसायचं?” दुसरीकडे त्यांची सोय लागेपर्यंत मी कुणाला घरी बसवणार नाही, एवढं म्हणालो. त्यांच्या तोंडावरून तरी त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

तू माझ्याकडे उतरावंस असं मी म्हणत नाही. ताई म्हणतेय, ती तुला स्वतंत्र लिहिणार आहे. तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये पडत नाही.

सोमवारी नऊला हजर व्हायचंय. मागच्या बाजूचं फाटक. तिथल्या पहारेकऱ्याच्या मिशा ओठांवर उतरल्या आहेत, तो काय बोलतो ते तुला वाचता येणार नाही. त्याला बोलू देऊ नकोस. आधी कागद दाखव.

भाऊजी